नऊ नंबरचे साहेब

३ मार्च

आजपासून मी रजिस्टर्ड नर्स. कार्डावरचा फोटो तिसऱ्याच माणसाचा वाटतो, पण नंबर माझा आहे. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड मिळाला. प्रोबेशन मेअखेरपर्यंत. ताई म्हणाली, नीट काम कर, म्हणजे कायम करतील. तिला जगाची रीत कळत नाही. नीट काम करणारे नव्हे, नजरेत भरणारे कायम होतात. बेत असा: वर्षात सीनियर, तीन वर्षांत वॉर्ड इनचार्ज, चाळिशीच्या आत मेट्रन. पुरुषाला मेट्रन म्हणतात का, हे कुणाला तरी विचारायला हवं. पण विचारलं तर बेत फुटेल.

५ मार्च

इनचार्ज सिस्टर फार प्रेमाने बोलल्या. पाणी कुठे, कपाट कुठे, सगळं स्वतः दाखवलं. यात काहीतरी आहे. वर म्हणाल्या, काही अडलं तर निःसंकोच विचार. म्हणजे मला काय येत नाही ते त्यांना आयतं कळणार. यापुढे काहीही विचारायचं नाही असा निश्चय केला.

दुपारी एका खाटेचं डोकं वर करायचा दांडा सापडेना. विचारलं नाही. पेशंटच्या मानेखाली पाच उशा रचल्या. त्याची हनुवटी छातीला टेकली, पण कुरकुरला नाही.

९ मार्च

माझ्याबरोबर एक मुलगी रुजू झाली आहे. उठता बसता ‘हो सिस्टर’. मी तिचं नाव आज्ञाधारक ठेवलं आहे. इतकं आज्ञाधारक कुणी उगाच नसतं.

इथला नियम: इन्सुलिन भरलं की सिरिंज दुसऱ्या नर्सला दाखवायची, तिने हो म्हटलं की मगच टोचायचं. आज मी आज्ञाधारकला दाखवली. तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितली. सगळ्यांचीच अशी बघते म्हणे. तिची दाखवायची वेळ आली तेव्हा मी दुप्पट वेळ बघितली. तिने थँक यू म्हटलं. मुरलेली आहे.

१८ मार्च

जेवताना भाऊजींनी महत्त्वाची बातमी दिली. ते हॉटेलात रिसेप्शनवर आहेत. तिथे कंपनी खोटी गिऱ्हाइकं पाठवते. ती राहतात, खातात, मुद्दाम खोड्या काढतात आणि वर जाऊन सगळ्यांचे गुण सांगतात. मागे दोघांना घरी बसावं लागलं. भाऊजी म्हणाले, तुमच्याकडेही पाठवत असतील, आता सगळीकडे हेच चालतं.

ताई म्हणाली, दवाखान्यात कोण हौसेने सुया टोचून घेईल? मी आणि भाऊजींनी एकमेकांकडे बघितलं. काही लोकांना समजावण्यात अर्थ नसतो.

२ एप्रिल

सापडला.

नऊ नंबर. वयस्कर गृहस्थ, पायाला जखम, डायबिटीस. निदान केसपेपर तसं म्हणतो. पुरावे:

प्रत्येक गोळीला विचारतो, ही कशाची? किती वाजता? काल पांढरी होती, आज पिवळी का? बेल दाबली की मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. मी पोचलो की पुन्हा बघतो. खाटेखाली बूट, चकचकीत पॉलिश केलेले. पायाला जखम झालेला माणूस बूट पॉलिश करून येतो का? पूर्वी काय करत होता विचारलं, तर म्हणाला, “रिटायर्ड.” एवढंच. संध्याकाळी एक बाई येते. मुलगी म्हणून सांगते. दोघं कुजबुजतात आणि माझ्याकडे बघतात.

आज्ञाधारकला अजून कळलेलं नाही. तिने त्याला इतर पेशंटांसारखंच वागवलं. बिचारी.

४ एप्रिल

मनातल्या मनात मी त्यांना साहेब म्हणतो. आज साहेबांची चादर दोनदा बदलली. प्रत्येक गोळीचं नाव, काम आणि दुष्परिणाम सांगितले. दुष्परिणाम ऐकून साहेब थोडे गप्प झाले. माझ्या ज्ञानाचा धक्का असावा.

अकरा नंबरने तीनदा बेल वाजवली. अकरा नंबर खरा पेशंट आहे, त्याला काय घाई.

११ एप्रिल

इनचार्ज सिस्टरांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, नऊ नंबरचं फार छान बघतोस, पण बाकीचे तक्रार करतात. अकरा नंबर म्हणतो, या नर्सला माझी खाट दिसतच नाही. मी मान हलवली. सिस्टर मला नऊ नंबरपासून तोडू बघताहेत, हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. माझे गुण वरपर्यंत पोचले तर त्यांच्या खुर्चीला धोका आहे ना.

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, पकड सोडू नकोस. ताईने विचारलं, ते आजोबा बरे होताहेत का? हा मुद्दाच नाही, असं मी तिला सांगितलं.

१६ एप्रिल

साहेबांशी बराच वेळ बोललो. त्यांनी विचारलं, तुम्हाला हे काम आवडतं का? सरळ सरळ मुलाखतीतला प्रश्न. मी सेवा, समर्पण, रुग्ण हाच केंद्रबिंदू वगैरे सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, तुम्ही आलात की बरं वाटतं. हे वाक्य रिपोर्टात येणार. घरी येताना चालतो आहे की तरंगतो आहे तेच कळत नव्हतं.

२३ एप्रिल, संध्याकाळी

जसं झालं तसं लिहून काढतो.

दुपारच्या जेवणाआधी साहेबांचं इन्सुलिन भरलं. आज्ञाधारकला दाखवलं, तिने हो म्हटलं, टोचलं. सगळं नियमाने. जेवणाचा ट्रे आला. साहेबांनी चमचा उचलला तेवढ्यात माझं लक्ष गेलं, सूप थंडगार. साहेबांपुढे थंड सूप. ही परीक्षाच असणार. मी त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला, पाच मिनिटांत गरम आणतो म्हटलं आणि ट्रे उचलून खाली किचनमध्ये गेलो. आचारी म्हणाला, सगळ्यांचे ट्रे गेल्यावर बघतो. मी त्याच्याशी भांडलो. मग ट्रेवर घालायला स्वच्छ नॅपकिन शोधला. येताना आरशात भांगही सारखा केला. पाच मिनिटांचा अर्धा-पाऊण तास कधी झाला, कळलं नाही.

परत आलो तर साहेब घामाघूम. हात थरथरत होते. म्हणाले, कसंतरीच होतंय.

मी ट्रे धरून उभा राहिलो. मनात म्हटलं, आली मुख्य परीक्षा. थरथर एक वेळ करता येते, पण घाम कसा काढला असेल? मला खरंच कौतुक वाटलं. मी शांत स्मित केलं, कारण पेशंटला धीर द्यावा असं शिकवलं आहे. केव्हापासून होतंय, असं विचारलं. त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाले, “बस सुटली का?” मला वाटलं, अभिनय आता जरा जास्त होतोय.

आज्ञाधारक शेजारून चालली होती. तिने एकदाच बघितलं. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आकडा बघितला, सिस्टरांना हाक मारली आणि साखरेचं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. इन्सुलिन अंगात आणि पोटात अन्न नाही. शुगर तळाला गेली होती. जेवण माझ्याच हातात होतं. गरम होतं.

थोड्या वेळाने ते नीट बोलू लागले. इनचार्ज सिस्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, तू कुठे होतास? मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, “त्याला रागावू नका. हा माझ्यासमोरून हलला नाही.”

सिस्टर पुन्हा माझ्याकडे वळल्या.

“मग काय करत होतास?”

मी म्हटलं, निरीक्षण.

२४ एप्रिल

रात्री विचार केला. चूक मुळात किचनची. सूप गरम आलं असतं तर काही झालं नसतं. आज्ञाधारक नेमकी तेव्हाच तिथून कशी गेली, हाही प्रश्न आहे. भाऊजींना हे सांगितलं. ते पाणी आणायला उठले. ताईने ताटात वाढलं आणि समोर बसून राहिली. मला जेवण गेलं नाही.

२६ एप्रिल

सिस्टरांच्या खोलीत बोलावणं. प्रोबेशन वाढवलं. पुन्हा सांगेपर्यंत इंजेक्शनांना हात लावायचा नाही, आज्ञाधारकबरोबर राहून काम करायचं आणि काही कळलं नाही तर तिला विचारायचं.

मग त्यांनी विचारलं, तो माणूस घामाने भिजला होता आणि तू उभा होतास, तुझ्या मनात होतं तरी काय? खोटं बोलायला काहीतरी सापडायला हवं होतं. नाही सापडलं. खोट्या पेशंटांबद्दल सांगून टाकलं. हॉटेल, बूट, घड्याळ, सगळं.

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अरे, इथे खऱ्यांना खाट मिळत नाही. खोटे कुठे ठेवणार?”

२७ एप्रिल

नऊ नंबरला डिस्चार्ज. मी चादरींच्या कपाटामागे काम काढून बसलो होतो, पण त्यांच्या मुलीने शोधून काढलं. बाबा तुम्हाला भेटल्याशिवाय जायचं नाही म्हणताहेत, म्हणाली. ती मुलगीच आहे. नाक तेच आहे. खाटेकडे जाता जाता तिने सांगितलं, बाबा शाळेची बस चालवायचे. घड्याळ आणि बूट, दोन्ही अजून सुटत नाहीत. आई इथेच पलीकडच्या वॉर्डात वारली, तेव्हा कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, म्हणून ते प्रत्येक गोळीचं विचारतात. घाबरतात फार, पण दाखवत नाहीत.

ते बूट घालून खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, “त्या दिवशी वाटलं, संपलं. पण तुम्ही समोर उभे होतात. हसत होतात. म्हटलं, हा हसतोय म्हणजे काही भिण्यासारखं नसणार.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. टोमणा आहे का, कुठे काही लपवलेलं आहे का, सगळीकडे शोधलं. काहीच नव्हतं.

लाज वाटली. इतकी की नीट निरोपही देता आला नाही. हा माणूस तपासनीस असता तर फार बरं झालं असतं.