उलटा ऐकलेला राजा आणि तुझं तिसरं प्रकरण

लाडक्या धाकटीस ताईचे दोन्ही हात भरून आशीर्वाद.

तू बरी असशील, गुडघ्यांना रोज तेल लावत असशील असं धरून चालते (लावत नसशील, मला माहीत आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावलेल्या मुख्याध्यापिकेला स्वतःसाठी शिस्त उरणार कुठून?). इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भाऊजींचा खोकला गेला, पण खोकायची सवय गेली नाही. माझं अक्षर अजून चौथीतलंच आहे आणि ओळी उतरणीला लागतात, तेव्हा कागद थोडा तिरका धरून वाच. पत्राला कारण आहे. तुझं आठवणींचं पुस्तक महिनाअखेरीस छापायला जाणार ना, त्यातल्या एका लहानशा वाक्याबद्दल बोलायचंय. पण ते शेवटी. आधी सांगितलं तर तू लाल पेन घेऊन बसशील आणि माझं मधलं सगळं राहून जाईल.

तर, मी हल्ली पुस्तकं वाचते. हसू नकोस, कानानं वाचते. नातीनं मोबाइलमध्ये ऐकायची पुस्तकं भरून दिली आहेत आणि कानात घालायची शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं दिली आहेत. कारखान्यात मी अजून जाते, गणवेशाच्या शर्टांना बटणं लावायला. हात कामात असतात, कान रिकामे. पूर्वी त्या कानांत मशिनांची घरघर आणि इस्त्रीवालीची सुनेबद्दलची गाऱ्हाणी जायची. आता राजे जातात, लढाया जातात, दुष्काळ आणि जहाजं जातात. एक पुस्तक तर नुसतं शिवणकामावर होतं. तुला ठाऊक आहे का, राजे नव्हते, राज्यं नव्हती, तेव्हापासून सुई आहे! हाडाची असायची. हे ऐकल्यावर मी हातातल्या सुईकडे असं पाहिलं, जसं घरातलं कुणी मोठ्या पदावर असल्याचं आपल्याला उशिरा कळावं.

वाचणारा माणूस फार सज्जन आहे. कधी आवाज चढवत नाही, हजारो माणसं मेल्याचं सांगतानाही हलक्या आवाजात सांगतो. सुरुवातीला मी चहाला उठताना त्याला 'थांबा हं जरा' म्हणायची. आंघोळीला जाताना मोबाइल बाहेर ठेवते (नात हसते, पण परका पुरुष तो परका पुरुष). खोट एकच, आपण डुलकी काढली तरी तो थांबत नाही. परवा दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागला, तर दीडशे वर्षं निघून गेली. उठले तेव्हा गादीवर भलताच माणूस. मी तुझ्या भाऊजींना विचारलं, 'अहो, आधीचे कुठे गेले?' त्यांना वाटलं मी भाडेकरूंबद्दल विचारतेय.

आता माझी फजिती ऐक. एका राजाचं पुस्तक चौदा भागांचं होतं आणि मोबाइलच्या यादीत शेवटचा भाग सगळ्यात वर होता. मी वरून सुरुवात केली. वरूनच करतात ना? पहिल्याच भागात राजा मेला, राणी रडली, सगळं संपलं. मी म्हटलं, असेल बाई, मोठ्या पुस्तकांची रीत असेल, आधी वाईट बातमी सांगून टाकायची. रोज डबा खाताना मी तो भाग बायकांना सांगायची. मग पडलेला किल्ला उभा राहिला. फितूर झालेला सेनापती पुन्हा राजाच्या गळ्यात गळा घालून फिरायला लागला. राणीचं लग्न झालं. शेवटच्या दिवशी सहा वर्षांचं एक पोर घोड्याला घाबरून आईच्या मागे लपलं आणि पुस्तक संपलं. आम्हा सगळ्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इस्त्रीवालीनं डोळे पुसले, म्हणाली, 'बरं झालं बाई, लढाई मिटली एकदाची.' तेवढ्यात कटिंग मास्तरांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, 'आजी, तुम्ही राजाला आधी पोचवलात आणि मग जन्माला घातलात!' तेव्हापासून कारखान्यात माझं नाव उलट्या आजी.

मग मास्तरांच्या सांगण्यावरून तेच पुस्तक सरळ ऐकलं. पण तुला म्हणून सांगते, मला उलटंच जास्त कळलं होतं. सरळ ऐकलं की वाटतं, हे असंच होणार होतं. उलटं ऐकताना मी प्रत्येक वेळी विचारायची, अरे, पण हा असा का वागला? आणि मागच्या भागात उत्तर निघायचं. बहुतेक वेळा ते अगदी बारीक असायचं. कुणीतरी कुठेतरी एक वाक्य बोलून गेलेलं असायचं, खरं किंवा खोटं, आणि पुढची माणसं त्याच्यावर घर बांधून राहिली होती.

त्यातच तू स्वतःच्या आवाजात वाचलेलं तुझं पुस्तक आलं, ताईला बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून. नातीनं ते राजांच्या रांगेतच ठेवलं. तीनदा ऐकलं. बाबांच्या सायकलचा भाग लागला तेव्हा मी एका शर्टाला सात ऐवजी नऊ बटणं लावली. आईचं ते खाली मान घालून हसणं तुला किती नेमकं आठवतंय गं! कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं. मास्तर म्हणाले, 'तुमच्या बहिणीचं वाचन स्वच्छ आहे.' मी म्हटलं, असणारच.

बस, एवढंच. पुस्तक फार छान झालंय, कशालाही हात लावू नकोस. तब्येतीला जप. तेल लाव.

तुझी,
ताई

ता. क. एका ठिकाणी मात्र हात लाव. तिसऱ्या प्रकरणात तू म्हणतेस, 'ताईला अभ्यासाची गोडी नव्हती. बाईंच्या छडीला घाबरून तिनं चौथीतून शाळा सोडली.' त्यातली छडी काढून टाक. त्या बाईंनी मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. मी शाळेत जायची बंद झाले तेव्हा एका संध्याकाळी त्या घरी विचारायला आल्या होत्या, आईनं दारातूनच परत पाठवलं. मी आत आजीचे पाय दाबत होते, ऐकू येत होतं सगळं. बिचाऱ्या बाईंना छापील पुस्तकात मारकुट्या ठरवायचं पाप नको.

पुन्हा ता. क. तू आता विचारशील, मग छडी आली कुठून? तुला आईनं सांगितलं आणि आईला मी. आजी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आई दिवसभर गिरणीत, बाबा कामावर. एका मुलीला घरी ठेवणं भाग होतं. बाबा आईला म्हणाले, 'मोठी निदान लिहा-वाचायला शिकलीय, आता मध्येच कशाला काढायची? धाकटीचं अजून काही सुरू झालेलं नाही, तिलाच ठेवू.' त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी दाराआड होते. तू माझ्या शेजारी जमिनीवर बसून पाटीवर मासा काढत होतीस आणि माशाच्या पोटात तुझं नाव लिहिलं होतंस, पहिल्यांदाच, कुणी न सांगता. सकाळी मी आईला म्हटलं, मला शाळा नको, बाई मारतात. तिनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी रडूनसुद्धा दाखवलं (ते रडणं मात्र खरं होतं). तेव्हा तुझी काही चूक नाही गं. तू ऐकलंस तेच लिहिलंस. खोटं सांगणारी मी. आता लगेच फोन करून रडू नकोस, आणि हे सगळं पुस्तकातही घालू नकोस, लोक आई-बाबांना नावं ठेवतील.

आणखी एक, मग संपवतेच. ते 'गोडी नव्हती' तेवढं खोडशील का? कारण काही देऊ नकोस. त्या जागी एवढंच लिही, 'ताई चौथीत होती आणि सहामाहीला तिचा वर्गात तिसरा नंबर आला होता.' आधी मी पहिला लिहिलं होतं, वरची खाडाखोड तुला दिसतेच आहे. पण छापलं की ते खरं होऊन बसतं. तिसरा होता. तिसराच लिही.