मसुद्याचं मौन

सोमवार, ३ मार्च

विचारलं एकदाचं! मसुद्याला. परिषद विभागातला तो — एक वाक्य बोलायचं तरी मनात तीनदा खोडतो, म्हणून अख्खं परराष्ट्र खातं त्याला मसुदाच म्हणतं. मी पाहुण्यांच्या गाड्यांचे झेंडे इस्त्री करत होते, हा दारात उभा. म्हटलं, आपण लग्न करू या का? शुक्रवारी दुपारपर्यंत सांग. त्याने चष्मा पुसला आणि गेला.

शुक्रवार, ७ मार्च

दुपार झाली, संध्याकाळ झाली. एक अक्षर नाही!

आमच्या राजशिष्टाचार विभागात याचा अर्थ शिपायालाही कळतो. नवा राजदूत धाडायचा तर समोरच्या देशाला आधी गुपचूप विचारतात — हा माणूस चालेल का? नको असला तर ते 'नको' म्हणत नाहीत. गप्प बसतात. आपण काय ते ओळखायचं आणि दुसरं नाव काढायचं.

ओळखलं. रडले. दूधही उतू गेलं. आई म्हणते, पुन्हा विचार की, तोंड काय शिवलंय? तिला राजनय कळत नाही.

सोमवार, १० मार्च

संबंध तोडले. सकाळी टेबलावर चहा ठेवून गेला — आणि वर हसला! लाज नाही, शरम नाही. निषेध म्हणून चहा तसाच परत पाठवला. थोड्या वेळाने बिनसाखरेचा आला.

मंगळवार, ११ मार्च

रागाच्या भरात जगाच्या टोकाची ती वकिलात मागून घेतली, जिथे कुणीच जायला तयार नाही. तीन वर्षं. साहेब बघतच राहिले.

गुरुवार, १३ मार्च

मसुद्याला बदलीचं कळलं. 'हं' म्हणाला म्हणे. नुसतं हं! जा म्हणावं खड्ड्यात.

शनिवार, २२ मार्च

एका अनोळखी बाईंचा फोन. तिकडे थंडी फार ना गं, स्वेटर विणायला घेतलाय, खांद्याचं माप सांग. मी विचारलं, आपण कोण?

"अगं, सासू तुझी."

माप सांगितलं. दुसरं काय सुचणार!

सोमवार, २४ मार्च

मसुद्याला कँटीनमध्ये गाठलं. 'मोकळी व स्पष्ट चर्चा' झाली — भांडणाला आमच्या खात्यात असंच म्हणतात. हा बाबा जागचा हलेना. त्याच्या विभागात म्हणे ठरावाचा मसुदा सगळ्या देशांना धाडतात, मुदत देतात, आणि मुदतीत कुणी हरकत घेतली नाही की ठराव मंजूर.

"तू मुदत दिलीस. मी हरकत घेतली नाही. आपलं शुक्रवारीच ठरलंय."

म्हणजे मी याच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा हा आईला लोकर आणून देत होता! म्हटलं, ते काही नाही, तोंडाने सांग. सगळं कँटीन माना वळवून बसलेलं.

"मला तू हवी आहेस," म्हणाला. न खोडता. कान लालबुंद झाले त्याचे. माझेही.

आणि मग आठवलं — बदली! तीन वर्षं! तेवढ्यात त्याला बैठकीचं बोलावणं आलं आणि तो पळाला.

मंगळवार, २५ मार्च

साहेबांकडे गेले. हात जोडले, बदली रद्द करा म्हटलं. साहेब वैतागले. "काय पोरखेळ लावलाय तुम्ही दोघांनी? बदलीचं कळल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज दिलाय. बिनपगारी रजा घेऊन तुमच्याबरोबर जातोय. नातं लिहिलंय — नवरा."

मी म्हटलं, मग राहू द्या.