दोन रेघांचा कागद

सोमवार, १४ तारीख
दुपारचे तीन, मागची खोली

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सर्व ठीक, तिकडचं कळव, असं लिहायची पद्धत आहे, तर ते मी लिहिलं आणि तू वाचलं असं धरून पुढे जाऊ. आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून मी स्वतःच फोन झालोय. थट्टा नाही, सांगतो.

बाबांना बोलायच्या व्यायामाला ज्या केंद्रात नेतो, तिथे एक मुलगी येते. ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठी ती ॲप बनवतेय. चित्रावर बोट ठेवायचं, की फोन तुमच्या वतीने बोलणार. पण ॲप अजून झालेलंच नाही. आधी ती सगळं कागदावर करून बघते. पोस्टकार्डाएवढा एकेक कागद म्हणजे एकेक स्क्रीन, त्यावर हाताने काढलेली बटणं. पेशंट बटणावर बोट ठेवतो आणि समोर बसलेला माणूस तो कागद उचलून पुढचा ठेवतो. तो माणूस म्हणजे फोन. कोण कुठे अडतं ते बघायचं, बटण फाडायचं, नवं कापायचं. तिच्या हातात सतत कात्री, म्हणून मी तिला कात्रीच म्हणतो. तोंडावर नाही. म्हणजे दोनदाच तोंडावर.

पहिल्या दिवशी ती इतकं वेडंवाकडं कापत होती की मला बघवेना. म्हटलं, "द्या इकडे, शिंप्याचा पोरगा आहे." बाबा कापडाला हात लावायच्या आधी खाकी कागदावर बेतायचे ना? "कागद चुकला तर चुकू दे, कापड चुकलं की गिऱ्हाईक घरी येतं." हे तिला सांगितलं तर तिने चक्क लिहून घेतलं. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाचं म्हणणं कुणी लिहून घेतलेलं तू कधी पाहिलंस? तीन आठवडे झाले, मी तिथे फोनच्या नोकरीवर आहे.

फोनचा नियम एकच, फोन बोलत नाही. हसत नाही, भुवई उडवत नाही, "अहो काकू, तिथे नाही, वर" असं सुचवत नाही. आई म्हणाली, "तुला गप्प बसवायला एवढं मोठं सायन्स लागलं."

पण गप्प बसलं की काहीतरी होतं गं. त्या खोलीला पांढरे पडदे आहेत, ऊन त्यातून गाळून येतं, दूध सांडल्यासारखं टेबलावर पसरतं. आवाज फक्त कागद सरकल्याचा. बोटाकडे बघत राहिलं की हळूहळू चेहरा पुसट होतो आणि बोटच माणूस होतं. एक आजी बोट ठेवायच्या आधी कागदावर फुंकर घालतात, तो गरम असल्यासारखी. एक मास्तर बोट हवेतच धरून ठेवतात, इतका वेळ, की मला वाटतं आता त्यावर एखादं पाखरू येऊन बसेल.

घरी येऊन आडवा झालो की स्वप्न पडतं. मी रस्त्यावरून चालतोय आणि रस्ता कागदाचा आहे. कोपरा आला की वरून कुणीतरी तो अख्खा रस्ता उचलतं, दुसरा ठेवतं. दुकान येतं, दुकान जातं. मग तुझी गल्ली येते, जी मी पाहिलेलीच नाही. तुझ्या खिडकीवर मी बोट ठेवतो आणि काहीच बदलत नाही. वर बघतो तर फोनच्या जागी मीच बसलोय, डोळे मिटून, हातात एकही कागद नाही. जाग आली की पायाशी चादर चोळामोळा झालेली असते. चादरीवरून तू मला जे म्हणाली होतीस ते आठवतं.

त्यावर येतो. आधी गुरुवारचं सांगतो.

गुरुवारी बाबांची पाळी होती. मी फोन, कात्री बाजूला, आणि तिचा एक जोडीदार चुका मोजायला वही घेऊन. तो वाईट नाही, पण त्याची वही वाईट आहे. चुका फार झाल्या की पेशंटला ॲपच्या गटातून काढतात आणि सहा चित्रांचा पुठ्ठा देतात. पाणी, जेवण, संडास, दुखतंय, हो, नाही. बास. आपले बाबा, ताई. एका विजारीची ट्रायल घेताना जे साठ शब्द खर्च करायचे, त्यांना उरलेला जन्म सहांत काढायला लागणार.

बाबांनी "दुखतंय" वर बोट ठेवलं. मी माणसाच्या शरीराचं चित्र ठेवलं. त्यांनी नाक दाखवलं. मी पुढचा कागद ठेवला, "किती दुखतंय", एक ते दहा. त्यांनी नऊ दाखवलं. कात्री बिचारी वाकून त्यांचं नाक बघायला लागली. तेवढ्यात बाबांनी मागे जायचं बटण दाबलं, घरातल्या माणसांचा कागद मागितला, आणि त्यावर "मुलगा".

"मुलाला काही सांगायचंय का, काका?" कात्री म्हणाली.

बाबांनी मान हलवली, नाही. पुन्हा नाक. पुन्हा नऊ. पुन्हा मुलगा. वहीवाल्याने लिहिलं, चूक, चूक, चूक. मी हळूच वर बघितलं, तर बाबांची डावी भुवई वर गेलेली.

ताई, नाकी नऊ आणलेत या पोराने, असं म्हणत होते ते.

मी ओठ चावले, गाल आतून चावले, मग फुटलोच. कात्री म्हणाली, "फोन हसत नाही." मी म्हटलं, "फोन बिघडला. ते चुकत नाहीयेत, ते चेष्टा करतायत, माझी." आणि सगळं समजावलं. वहीवाला आधी बाबांकडे, मग वहीकडे बघत बसला. मग त्याने खोडरबर काढलं. बाबांचा अर्धा चेहरा हसत होता. हल्ली तेवढाच हसतो, पण पुरतो.

कात्री म्हणाली, "आपल्याकडे गमतीचं बटणच नाहीये." तिने एक कोरा तुकडा कापून बाबांसमोर सरकवला. बाबांनी खिशातून शिंप्याचा निळा खडू काढला, अजून ठेवतात, आणि डाव्या हाताने एक गोल काढला, त्यातून बाहेर आलेली जीभ. झालं गमतीचं बटण.

मग त्यांनी अजून एक कोरा मागितला. या वेळी फार वेळ लागला. खडू थरथरत होता. दोन रेघा काढल्या, शेजारी शेजारी. कात्रीला कळेना. पण दुकानाचा नियम तुला माहीत आहे. माप कच्चं असेल तर खडूची एक रेघ, पक्कं असेल तर दोन. दोन रेघा दिसल्या की कापायचं, परत विचारायचं नाही.

म्हणजे हे गमतीत नाही. हे पक्कं.

तो तुकडा त्यांनी माणसांच्या कागदावर ठेवला, "मुलगी" च्या बाजूला. मग "घर". आणि बोट तिथेच ठेवलं. माझ्याकडे पुढचा कागद नव्हता.

आता ती चादर.

बाबांना झटका आला त्या दिवशी हॉस्पिटलात तू विचारलंस, सकाळी मी कुठे होतो. मी म्हटलं, झोपलो होतो. तू घरून बाबांचे कपडे घेऊन आली होतीस. म्हणालीस, "तुझी चादर घडी घातलेली होती," आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. मी जागा होतो. बाबा चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, "बटण पाऊस, बटण, खालची." तोंड वाकडं. मला वाटलं सोंग काढतायत, मागच्या आठवड्यात त्यांनी त्या तोतऱ्या गिऱ्हाइकाचं काढलं होतं तसं. मी पण तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "पाऊस बटण, वरची." त्यांनी माझा हात धरला. मी टाळी दिली. कप पडला तेव्हाही मी हसलोच. सव्वा तास असाच घालवला, ताई. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर. पुढचं त्यांनी आईसमोर सांगितलं नाही, मला सांगितलं. आईला मी हे काल सांगितलं. ती बराच वेळ माझ्या शर्टाचं एक बटण पक्कं करत बसली.

आपल्या घरात सगळेच चेष्टेखोर, पण पक्क्या रेघा कापडावर होत्या, बोलण्यावर नव्हत्या. असत्या तर त्या सकाळी त्यांना मारता आल्या असत्या. हे मी माझं पाप कमी करायला म्हणत नाहीये. कात्री आता प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन रेघा ठेवतेय, एवढंच.

तू हे पत्र खरं मानणार नाहीस, माहीत आहे. तू मला टाचणी म्हणतेस ते उगाच नाही. तुझ्या मुलाखतीच्या कुर्त्याच्या बाह्या मीच शिवून बंद केल्या होत्या. आणि बाबांच्या अक्षरात "लग्न ठरवलंय, लगेच ये" असं पत्र पाठवून तुला रजा टाकून यायला लावणाराही मीच. म्हणून बाबांनी काढलेला तो दोन रेघांचा तुकडा पाकिटात घातलाय. कात्रीकडून मागून घेतला.

आधी मला वाटलं, एक नक्कल काढून पाठवावी आणि खरा आपल्याकडे ठेवावा. दोन दिवस बसलो. डाव्या हाताने काढलं, डोळे मिटून काढलं, हात हलवत काढलं. नाही जमलं. बाबांची सही मला दुसरीपासून येते, पण या दोन रेघा येत नाहीत.

खरा तुझ्याकडे आहे. घेऊन ये.

तुझी,
या वेळी न टोचणारी,
टाचणी