मशीन बंद असायचं तो तास

२ जून

चि. छोट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र आशीर्वादाने सुरू करायचं असतं म्हणून लिहिले आहेत, मनातून आलेले नाहीत. इकडे सगळं ठीक. दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय. पत्र बघून तुला हसू येईल, पण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. अंगठ्याशी मला भांडता येत नाही.

इंटरनेटवरचा तुझा लेख वाचला. 'माझ्या आवडत्या जपानी मालिका आणि त्या मला का भिडतात.' कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने कौतुकाने छापून आणला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "भावाने नाव काढलं हो तुमच्या." हातातली पँट बाजूला ठेवून मी उभ्या उभ्या वाचला. छान लिहितोस. तेवढं मान्य करून पुढचं बोलते.

पूलवाल्यांची मालिका तू पहिल्या नंबरावर ठेवलीस ते बरोबरच आहे. दर पुरात नदी पूल वाहून नेते, ती टोळी येते, नवा पूल बांधते आणि पुढच्या गावाला जाते, आणि पुलावरून जाणाऱ्या कुणाला त्यांचं नावही ठाऊक नसतं. इथवर ठीक. मग तू लिहितोस, 'बाहेर शिलाई मशीनचा खडखडाट चालू असायचा. मी दार लावून घ्यायचो, आवाज वाढवायचो आणि एकटाच त्या जगात शिरायचो. घरात कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं.'

कुठलं दार रे? आपल्याला एकच खोली होती. दार होतं ते जिन्याचं, आणि ते तू लावून घेतलं असतंस तर आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो असतो.

आता काय होतं ते मी सांगते, तू विसरला असशील तर. आई वाचते ती अक्षराला अक्षर लावून. पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी तिची पहिली दोन अक्षरं होईतो पळून जायच्या. म्हणून तू मोठ्याने वाचायचास, प्रत्येकाचा वेगळा आवाज काढून. टोळीतल्या दोरवालीचा बारीक, मुकादमाचा घोगरा. मशीनमुळे तुझा आवाज ऐकू येत नाही म्हणून ती रोज संध्याकाळी तासभर मशीन बंद ठेवायची आणि काज-बटणं करत बसायची. तेवढं काम मागे पडायचं. गिऱ्हाइकांची बोलणी कोण खायचं? तू नाही, मीही नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे तुला कळवलं होतं. तेव्हाही अंगठाच आला होता. तर तिला वाचता येत नाही म्हणून तुझा लेख मी वाचून दाखवला. खुर्ची ओढून समोर बसली, केस नीट केले, जशी काही तूच घरात येणार होतास. मी वाचत वाचत त्या दारापाशी आले आणि अडले. ती म्हणाली, "थांबलीस का? वाच की." मग मी कागदाकडे बघत वाचलं, 'आई त्या तासाला मशीन बंद ठेवायची. मी ओळी वाचायचो आणि ती काज करता करता विचारायची, मग पुढे? तिने विचारलं नसतं तर मी पुढचं बघितलंच नसतं.'

यातलं खोटं एवढंच की ते तू लिहिलेलं नव्हतंस.

त्या दिवसापासून माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलंय. रोज तिला तेवढाच भाग ऐकायचा असतो. मला माझंच वाक्य आठवत नाही. परवा म्हणाली, "काल बटणं लावत होते, आज हातशिलाई करतेय. रोज बदलून छापतात का?" मी वेळ मारून नेली. पण येत्या मंगळवारी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि वाचायची परवानगी मिळाली की पहिला तुझा लेख वाचणार असं तिने डॉक्टरीणबाईंनासुद्धा सांगून ठेवलंय. कागद उशीखाली आहे.

तो लेख तुला हवा तेव्हा बदलता येतो म्हणे. मग बदल. मी म्हटलं तसा नको, तुला आठवतो तसा लिही. मी जुना कागद काढून नवा ठेवीन. घरात कुणाला काही पडलेलं नव्हतं हे वाक्य तिच्या नव्या डोळ्याला पहिलं दिसता कामा नये.

माझ्यासाठी काही मागत नाही. तिसऱ्या नंबरावर तू त्या व्हॉलीबॉलवाल्या मुलींची मालिका घातलीस, दर सामना हरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळी बांधतात त्या. त्या लागल्या की 'आल्या रडक्या' म्हणून तू उठून जायचास. कॉलेज सोडून मी दुकानात बसले त्या वर्षी मी ती एकटीने बघितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू लिहितोस, 'या मुलींनी मला हरायला शिकवलं.' तू काय हरलास ते एकदा मला कळव. कॉलेज तुझं पूर्ण झालं, माझं नाही झालं.

जाऊ दे. मुद्दा तो नाही. मंगळवारच्या आत.

ताई


२१ जून

छोट्या,

आजचा आशीर्वाद बाकी ठेवते.

ऑपरेशन नीट झालं. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली. पहिल्याप्रथम तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं." मग भिंतीकडे बघून म्हणाली की रंग द्यायला झालाय.

तुझा नवा परिच्छेद आला. ना फोन, ना पत्र, नुसता लेख बदललास. 'माझ्या यशामागे माझ्या त्यागमूर्ती आईचे अपार कष्ट आहेत. माझ्यासाठी ती रात्रंदिवस झिजली. तिच्या ऋणातून मी कधीच मुक्त होऊ शकणार नाही.' अरे, हे कुणाच्याही आईला चालेल. पाकिटावर नाव बदलून शेजारणीला पाठवलं तरी तिलाही आपलंच वाटेल. तरी मी छापून आणलं आणि जुन्या कागदाच्या जागी गुपचूप उशीखाली सरकवलं. दार आणि 'कुणाला काही पडलेलं नव्हतं' हे तू काढलंस, तेवढ्यासाठी, 'एकटाच त्या जगात शिरायचो' मात्र तसंच ठेवलंस.

परवा डॉक्टरीणबाईंनी वाचायला परवानगी दिली. आई खिडकीपाशी बसली. एकेका ओळीखाली बोट धरून सगळा लेख वाचला, मधे बोलू दिलं नाही. मला वाटलं आता डोळे पुसेल, डोळ्यात औषध घातलंय, पुसू देऊ नये. तिने वर बघितलं आणि विचारलं, "हे कुणाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल."

"मी कधी झिजले त्याच्यासाठी? मशीन मी माझ्यासाठी बंद ठेवायचे. पुलाचं काय झालं ते मला बघायचं असायचं."

ती थांबेना. म्हणाली, दोरवाली गाठ कशी मारते ते बघायला ती बसायची. उलटी गाठ, ओढली की घट्ट आणि सोडायची म्हटली की एका हिसक्यात सुटणारी. तशी गाठ तिने परकरांच्या नाड्यांना मारून बघितली होती, आणि दोन गिऱ्हाइकांनी मुद्दाम मागून घेतली होती. "बाई असून टोळीत सगळ्यात वर चढायची ती. खाली बघायची नाही. मला काय आवडायचं ते तुम्ही कधी विचारलंत? तो लिहितो तो एकटा होता. तू वाचतेस की मी त्याच्यासाठी बसायचे. आणि आता म्हणे झिजले."

तिने माझं वाचन पकडलं होतं, छोट्या. मी कबूल केलं. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं तर ताट घेऊन खिडकीशी गेली. संध्याकाळी एकदाच तोंड उघडलं, तेही तुझ्या लेखावर बोट ठेवून. "ही हरणाऱ्या मुलींची तर ताईची मालिका. हा का लिहितोय?"

मला त्यावर काय वाटलं ते तुला सांगणार नाही. तुला सांगून तू त्याचाही लेख करशील.

काल सकाळी तिने मला पूलवाल्यांची मालिका कॉम्प्युटरवर लावून द्यायला सांगितली आणि थांबवायचं बटण कुठलं ते शिकून घेतलं. ओळ आली की थांबवते, बोट न लावता वाचते, मग पुढे. पापण्या मिटून डोळ्याला विश्रांती देते, पुन्हा बटण दाबते. एक भाग संपायला दुपार जाते. मी आज दुकानावर 'बंद'ची पाटी लावली आणि तिच्याजवळ बसले. आज पूर येतो तो भाग होता. त्यात टोळीचा म्हातारा स्वयंपाकी असतो ना, सगळ्यांना दटावून जेवायला घालणारा? दोरवाली त्याच्या अंगावर चादर ओढते, आणि खाली ओळ येते. आईने थांबवलं. वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे वळली.

"हा मेला?"

मी म्हटलं, हो.

"छोट्या म्हणाला होता, त्याला झोप लागली आणि सकाळी तो लेकीकडे राहायला गेला. इतकी वर्षं मी त्याला लेकीकडे समजतेय."

त्या दिवसांत बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हा तुला ती ओळ वाचवली नसेल, हे मला कळतं. तिलाही कळलं असणार, कारण ती बराच वेळ त्या चादरीकडे बघत राहिली. पण ती तुझ्यावर भडकली आहे, आणि अशी भडकलेली मी तिला बाबा गेल्यानंतर पाहिलेली नाही. म्हणाली, त्याच्यासाठी रडायचं होतं तेव्हा मला रडू दिलं नाही. दोघं मिळून मला काय कळावं आणि काय कळू नये ते ठरवत बसलात.

मी तुझी बाजू घेणार नाही. माझीही घेता येत नाही. लेखात आता काही बदलू नकोस, ती पुन्हा वाचणार नाही. अजून बरेच भाग शिल्लक आहेत आणि पुढे कोण मरतं ते मी तिला सांगितलेलं नाही, तूही फोन करून सांगू नकोस.

तिने तुला निरोप दिलाय. शब्द तिचेच आहेत, यातला एकही मी बदललेला नाही. "यायचं असेल तर ये म्हणावं. पण तोंड मिटून बसायचं. वाचणार मी."

ताई