त्रेचाळीस पावसाळ्यांची वही

नांदेड, २८ मे २०२५

तीर्थस्वरूप अण्णांस,
मंजुषाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला "हां, हां" म्हणत राहता, म्हणून हे पत्र. पत्राला "हां, हां" चालणार नाही, उत्तर लिहावे लागेल.

परवा तुमचे शेजारी मन्मथअप्पा यांचा आमच्याकडे फोन आला. गच्चीच्या लोखंडी जिन्यावरून उतरताना तुम्ही घसरलात, गुडघा सुजला आणि अर्धा तास पायरीशी बसून होतात, हे त्यांच्याकडून कळले. त्यांनी तीनदा कडी वाजवली, पण सरांना काहीच ऐकू गेले न्हाई, असे ते म्हणाले. सर लई हट्टी हायत, असेही म्हणाले. ते मला नवे नव्हते.

मी त्यांना विचारले की मे महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, हा माणूस गच्चीवर पाऊस मोजायला का जातो. ते म्हणाले की तुम्ही जाऊन शून्य मोजता आणि खाली येऊन ते वहीत लिहिता. अण्णा, तुमचे वय बहात्तर आहे.

वहिनी जाऊन सहा वर्षे झाली. घरात दुसरे कुणी नाही. आमच्या गल्लीत, तरोड्याला, समोरच्याच घराच्या तळमजल्यावरील दोन खोल्या रिकाम्या झाल्या आहेत. एकही पायरी चढावी लागत नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येते; तुमच्या लातूरसारखी आठ-आठ दिवस वाट पाहावी लागत नाही. दवाखाना चालत जाण्यासारखा आहे. दोन वेळचे जेवण माझ्याकडे. संध्याकाळी गोवर्धन घाटावर फिरायला हे सोबत येतील. यांचे म्हणणे असे की अण्णा आले तर निदान एक तरी माणूस माझी रेल्वेतली गोष्ट पूर्ण ऐकेल. ऐकू येत नसल्यामुळे तुम्ही मध्येच उठून जाणार नाही, हा त्यांचा हिशेब.

चेष्टा सोडा आणि विचार करा. माया आहेच, ती आता समोरच्या दारातून पोचवता यावी, एवढेच मागणे.

आपली,
मंजुषा


लातूर, ५ जून २०२५

चि. सौ. मंजुषा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. गुडघ्याची सूज उतरली आहे. मन्मथअप्पांनी अर्धा तास सांगितला, माझ्या घड्याळाप्रमाणे तो अठरा मिनिटांचा होता.

तू शून्याविषयी विचारले आहेस, त्याचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. समज, एखाद्या दिवशी वहीत काहीच लिहिले नाही. दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला कसे कळावे की त्या दिवशी पाऊस पडला नव्हता, की पडला होता आणि पाहायला कोणी गेले नव्हते? रिकामी जागा म्हणजे अज्ञान. शून्य म्हणजे ज्ञान. म्हणून रोज सकाळी साडेआठ वाजता वर जायचे, पर्जन्यमापकाचे नरसाळे उचलायचे, खालच्या बाटलीतील पाणी मोजपात्रात ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीला आणून मिलिमीटर वाचायचे. यात एकदा गोडी लागली की सुटत नाही. आभाळासारखी अफाट गोष्ट आपल्या मुठीएवढ्या काचेत मावते, याचे मला आजही नवल वाटते.

खरे तर हे वेड आपल्या बाबांचे. रेणापूरच्या दुकानामागील अंगणात दगडी उखळ होते, आठवते? पाऊस झाला की बाबा, म्हणजे गावाचे गुरुपादप्पा शेटजी, सकाळी त्यात बोटे आडवी धरायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, रात्री चार बोटे झाला. त्या चार बोटांवर अर्धे गाव पेरणीचे ठरवायचे. मी फक्त बोटांच्या जागी काच आणली.

आमची वही १ जून १९८२ रोजी सुरू झाली. गेल्या रविवारी तिने त्रेचाळीस वर्षे पूर्ण केली. एकही दिवस रिकामा नाही. शाळेच्या कामासाठी मी परगावी असे तेव्हा गौरम्मा वर जाई. निरीक्षकाच्या रकान्यात माझ्या नोंदीपुढे 'सि.' असते आणि तिच्या नोंदीपुढे 'गौ.'. अशा नोंदी मी मोजल्या आहेत: तीनशे बारा. आम्हाला मूलबाळ नव्हते. आम्ही दोघांनी मिळून न चुकता वाढवलेली वस्तू म्हणजे ही वही.

आता नांदेडविषयी. पाणी, दवाखाना, जिना, सोबत, सगळ्या बाबतीत तुझे म्हणणे बरोबर आहे. मी कागदावर दोन्ही शहरे मांडून पाहिली आणि लातूर हरले. पण मी आलो की वही तुटते. हे यंत्र जागचे हलवले तर ती नोंद लातूरची राहत नाही. एवढ्या एकाच कारणासाठी माझा पाय अडतो, आणि हे कारण तुला पोरकट वाटले तरी मी ते लपवणार नाही.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. १५ जुलै ते १५ ऑगस्ट मी तुमच्याकडे राहतो. त्या महिन्यात मन्मथअप्पा नोंदी घेतील. पेंडीच्या दुकानात सारा जन्म तराजूसमोर गेलेला माणूस आहे, मापात चुकणार नाही. नोंदी नीट झाल्या तर पुढचे बोलू.

रविकांतरावांना नमस्कार. त्यांची गोष्ट मी नक्की ऐकेन. त्यांनी ती माझ्या उजव्या कानाला सांगावी.

तुझ्यावर जीव असलेला,
अण्णा


लातूर, १ ऑगस्ट २०२५

सिद्धेश्वर सरांस,
मन्मथचे शरणु शरणार्थ.

तुम्ही सांगितल्यापरमानं रोज साडेआठला वर जाऊन राहिलो. एक दिवस खंड न्हाई. तुम्ही पाठ करून घेतलं तसं डोळा पाण्याच्या लेवलला आणून वाचतो. गुडघे टेकावे लागतात, त्याचं काही न्हाई, देवापुढं टेकतोच.

आकडे लिहितो. सोळा जुलैला चार. सतराला चारच. अठराला सतरा. एकोणीसला सतरा. वीसला सव्वीस. मधले सगळे दुसऱ्या कागदावर जोडले हायत. काल एकतीसला एकोणनव्वद. सोळा दिवसांची बेरीज सातशेच्या वर गेली. म्हणजे एका पंधरवड्यात वर्षाचा पाऊस झाला म्हणा की. बाजारात लोक म्हणायलेत पाऊस बेताचाच हाय. मी त्यांना सांगितलं, तुम्हाला काय कळतंय, माझ्याकडं यंत्र हाय.

एक अडचण. बाटली आता काठाला आली. रोज मोजून झालं की मी पाणी परत बाटलीत वततो, थेंब बाहेर जाऊ देत न्हाई. अजून आठ दिवस पाऊस झाला तर मावायचं न्हाई. दुसरी बाटली कुठं मिळंल ते कळवा.

मंजुषाताईला नमस्कार सांगा. तिथलं पाणी मानवलं का? आठवण असू द्या, मी हितं दोन्ही घरांकडं बघून राहिलो.

तुमचा,
मन्मथ


लातूर, २२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मंजुषा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लोहा, अहमदपूर करीत एसटी वेळेवर पोचली. तुझ्या भाकरी बसस्थानकावरच संपवल्या.

महिनाभर तुम्ही दोघांनी मला फार सांभाळले. पहिल्या सकाळची माझी फजिती तू गल्लीभर सांगितली आहेस, तरी येथे नोंद करून ठेवतो. नळाला धार दिसली आणि मी तुमच्या घरातील सगळी पातेली, दोन्ही कुकर, पुरणाचे पितळी भांडे आणि रविकांतरावांचा दाढीचा मग भरून ठेवला. तू म्हणालीस, अण्णा, हे नांदेड आहे, परवा पुन्हा येते पाणी. मला पटले नाही. पण पंधराव्या दिवशी नळ आला आणि मी अंथरुणातून उठलोच नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाणी आले असता मी पडून राहिलो. फार सुख वाटले, आणि थोडी भीतीही.

घाटावरच्या संध्याकाळी तर मनातून जात नाहीत. पलीकडे कुठे कीर्तन चालले असावे. लोकांच्या माना हलत होत्या, त्यावरून मला कळे. रविकांतरावांची गोष्ट तेरा वेळा ऐकली. दर वेळी गाडी वेगळ्या स्टेशनात थांबते.

आता मन्मथअप्पांची चूक. त्यांचे पत्र वाचून मी तुझ्यावर उगाच चिडलो होतो, त्याबद्दल मनात ठेवू नकोस. बाटली रोज रिकामी करायची असते, तेव्हाच दुसऱ्या दिवसाचा पाऊस वेगळा मोजता येतो. मी त्यांना डोळ्याची पातळी शिकवली, वेळ शिकवली, शून्याचे महत्त्व शिकवले. मोजलेले पाणी ओतून द्या, हे सांगायचे राहिले, कारण ते सांगावे लागेल असे मला वाटलेच नाही. ते म्हणाले, सर, चांगलं पाणी, त्यातनं आभाळाचं, लातूरच्या माणसाचा हात कसा होईल सांडायला.

आल्यावर मी एकेका आकड्यातून आदल्या दिवसाचा आकडा वजा करीत बसलो. बरेचसे जुळले. थोडे पाणी वाफ होऊन उडाले असेल, तेवढा संशय राहील. वजाबाकी करता करता असे वाटले की आकड्यांची ही चाल मी पूर्वी कुठेतरी पाहिली आहे: चढत जायचे, मध्येच थांबायचे, पण कधी उतरायचे नाही. जुन्या वह्या काढल्या. दोन दिवस लागले.

सप्टेंबर १९८३. शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गासाठी मी अकरा दिवस तेव्हाच्या औरंगाबादला होतो. नोंदी अशा आहेत: ३, ३, ८, २१, २१, २१, ३४, ४०, ४०, ४७, ५२. प्रत्येकीपुढे, तिच्या गोल अक्षरात, 'गौ.'.

मंजू, या अकरा दिवसांची बेरीज दोनशे नव्वद होते. लातूरला सलग अकरा दिवस पाऊस झाल्याचे मी नववीच्या वर्गाला पंचवीस वर्षे शिकवले. त्यावर शाळेच्या वार्षिक अंकात लेख लिहिला. गौरम्माने तो लेख देवघरातल्या कपाटात जपून ठेवला होता. खरा पाऊस बावन्न मिलिमीटर होता. तिनेही पाणी ओतून दिले नव्हते. निलंग्याकडच्या माहेरी कोसभर अंतरावरून घागर आणलेली मुलगी. तिचा हात तरी कसा झाला असता? परत आल्यावर मी बाटली रिकामी केली, ते तिने पाहिले असणार, आणि पुढच्या साऱ्या नोंदी तिने बिनचूक घेतल्या. चुकीविषयी मात्र शब्द काढला नाही. मी लेख वाचून दाखवला तेव्हा ती ओठ दाबून भाकरी थापत होती. मला वाटले, तिला अभिमान वाटतो आहे.

मी येथे एकटाच बराच वेळ हसत होतो. मग हसणे थांबले. जी वही तुटू नये म्हणून मी घर सोडत नव्हतो, ती दुसऱ्याच वर्षी तुटलेली होती, आणि ती तुटल्याचे मला कळू नये इतक्या मायेने कोणीतरी सांभाळली होती.

यापुढे काय, ते अजून ठरवता आलेले नाही. तू कळव.

तुझा,
अण्णा


नांदेड, ३० ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप अण्णांस,
मंजुषाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवले. अकरा आकड्यांपाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना, तेव्हा यांनी वाचले.

वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, तुझ्या भावाला चूक दाखवली तर तो चूक दुरुस्त करतो, पण मग आठवडाभर जेवत नाही. कशाविषयी बोलत होत्या ते मी विचारले नाही. मला वाटले, भाजीतल्या मिठाविषयी असेल.

आता माझ्याकडूनही ऐका. रेणापूरच्या उखळात मी दोनदा तांब्याभर पाणी ओतले आहे. चार बोटे भरली की बाबा खुशीत येऊन हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे, आणि पाऊस दोनच बोटे झाला होता. दोन्ही वेळा नंतर खरा पाऊस आला म्हणून मी वाचले. साठ वर्षे हे कुणाला सांगितले नाही. तेव्हा तुमच्या शास्त्राचा पायाच असा आहे.

मी काय कळवू? तुम्ही वहिनींना तिथे एकटे सोडून येता असे तुम्हाला वाटते, हे मला पहिल्या पत्रातच कळले होते. पण अण्णा, दर सकाळी त्या जिन्यावर तुम्हाला पाहून त्यांनी काय म्हटले असते, तेवढे स्वतःला विचारा. खोल्यांसाठी दुसरे भाडेकरू दोनदा येऊन गेले. यांनी मालकाला थांबवून ठेवले आहे. बहुधा तीच गोष्ट सांगून.

जीव तुमच्याकडे लागला आहे, उत्तराने तो जागेवर आणावा.

आपली,
मंजुषा


लातूर, २१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मंजुषा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या दोन तांब्यांची दुरुस्ती आता करता येत नाही, म्हणून माफ केले आहे.

दसरा झाला की, ४ ऑक्टोबरला, मी येतो. सामान थोडे आहे. पुस्तकांची सात खोकी मात्र रविकांतरावांनी उचलू नयेत, त्यांच्या कमरेला ते झेपणार नाही. यंत्र जागेवरच राहील. मन्मथअप्पांना मी या पंधरा दिवसांत पुन्हा शिकवले. पाणी ओतून द्यायला ते अजूनही तयार नाहीत. शेवटी त्यांनीच तोड काढली: मोजून झाले की ते पाणी सकाळच्या लिंगपूजेला. बाटली रिकामी होते आणि पाणी वायाही जात नाही. एवढी सोपी युक्ती मला त्रेचाळीस वर्षांत सुचली नव्हती. जिना ते माझ्यापेक्षा सावकाश चढतात, आणि गच्चीवर त्यांचा मुलगा कठडा बसवून देणार आहे. दर महिन्याला ते आकडे मला पाठवतील.

१९८३ चे अकरा आकडे मी खोडले नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात 'साठवलेले पाणी' एवढेच लिहिले. ज्यांना मी चुकीचे शिकवले त्या मुलांतली पहिली आता पन्नाशीपुढे गेली असतील. त्यांतले कोणी भेटले तर सांगेन.

निघेपर्यंत मन्मथअप्पांच्या नोंदी पाहता याव्यात, म्हणून आज सकाळीच माझी शेवटची नोंद घेतली. सहा मिलिमीटर. उद्यापासूनच्या पानावर रकाने आखून दिले. एखादी नोंदवही वर्षानुवर्षे चालते तेव्हा मध्ये माणूस बदलणे स्वाभाविक असते. त्याने नोंद तुटली असे धरत नाहीत, फक्त त्या तारखेसमोर तसे लिहून ठेवावे लागते. तसे लिहिले: निरीक्षक बदलला.

तुम्हा दोघांवरचा लोभ मी सोबत घेऊन येत आहे.

तुझा,
अण्णा