लाल म्हणजे बंद

४ मे, सेडुना

उद्यापासून खरा प्रवास. पुढे बाराशे किलोमीटर नुसतं माळरान. मला अजिबात भीती वाटत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. ग्लेनिसला वाटते. बायको घाबरट असली की नवऱ्याला दोघांचं धैर्य एकट्याने ओढावं लागतं, शिवाय मागे कॅरव्हॅन.

चौदा तारखेला पलीकडच्या टोकाला, एस्परन्सला, तिच्या बहिणीचा, ऱ्होंडाचा, सत्तरावा वाढदिवस. अकरा वर्षं दोघी भेटलेल्या नाहीत. दरवेळी निघायच्या सुमारास काहीतरी आडवं आलं. कधी क्लच, कधी गारपिटीचा अंदाज, कधी माझी पाठ. विमानाने जाता आलं असतं, पण विमान म्हणजे काही प्रवास नव्हे. ग्लेनिस म्हणाली, नेव्ह, या वेळी पोचलो नाही तर पुढच्या वेळी मी तुला विचारणार नाही. आवाज न चढवता म्हणाली. तिची तब्येत ठीक नसावी.

कॅरव्हॅनच्या पाठीवर रीतसर रंगवून घेतलंय: 'नेव्ह आणि ग्लेनिस, चॅनल ४०'. ट्रकवाल्यांना काही सांगायचं असलं तर गाड्यांमधल्या बोलायच्या रेडिओवर हाक मारता येते.

५ मे, नंड्रू

हाक मारली. "नेव्ह राव, सत्तरने चाललायस, मागे वरात लागलीये, जरा बाजूला घे की!" पुढचे शब्द ग्लेनिसच्या कानांवर पडण्यासारखे नव्हते. रेडिओचा हातातला माइक सीटच्या फटीत खुपसला, वर थर्मास दाबून ठेवला. लगेच सगळं चिडीचूप. दिवा हिरव्याचा लाल झाला. ग्लेनिसने विचारलं, हा लाल का? म्हटलं, लाल म्हणजे बंद. तिने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विणकाम काढलं.

दुपारी रोड ट्रेन शेजारून गेली. एका ट्रकला तीन डबे. संपेचना. आधी आमची गाडी तिच्याकडे ओढली गेली, मग बाहेर ढकलली गेली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं एवढंच. मी मोठ्याने बोलत राहिलो. भीतीने नव्हे. बोलत राहिलं की चालकाचं लक्ष टिकतं. ग्लेनिसला तेव्हा डुलकी लागली होती, ते बरं.

६ मे, नलारबोर रोडहाउस

वारा. दिवसभर वारा. पेट्रोल भरताना एका अनोळखी ट्रकवाल्याने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "जमतंय तुला, नेव्ह. श्वास तेवढा घेत जा." पाठीवर नाव रंगवल्याचा हा फायदा, माणूस ओळखीचा होतो. श्वासाचं काय ते कळलं नाही.

संकल्प: रोज ऐंशीचा वेग. (वारा नसल्यास.)

७ मे, बॉर्डर व्हिलेज

शहाणपणाचा निर्णय घेतला होता. इथे पोचलं की कॅरव्हॅनच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय म्हणायचं आणि घरी वळायचं. घाबरलो म्हणून नाही, ग्लेनिसला हा ताण झेपत नाही म्हणून. गाडीत ती झोपल्यावर वाक्य मोठ्याने घोकलं. 'ग्लेनिस, वाईट बातमी आहे.' मग 'वाईट' काढून 'गंभीर' घातलं.

उतरलो. चेहरा पाडला. डाव्या चाकावर हात ठेवून तोंड उघडतोय तोच तीन ट्रकवाले जॅक घेऊन हजर. त्यातला मॅका, छातीपर्यंत दाढी, म्हणाला, "डावंच ना? बघून टाकू." डावं हे त्याला कसं कळलं? अनुभव! चाक फिरवलं, कान लावला. "ठणठणीत आहे. देशाला अजून दोन फेऱ्या मारेल." मी उजव्याबद्दल शंका काढली. तेही पाहून झालं.

इथल्या नाक्यावर किडीच्या भीतीने फळं-भाज्या काढून घेतात, म्हणून ग्लेनिसने काल सगळ्याचा रस्सा करून ठेवला होता. तो तिघांना वाढला. फारच खुशीत होती.

बेव नावाची एक दणकट बाई रोड ट्रेन चालवते. म्हणाली, "आता मी पुढे, मॅका मागे, तू मधे. आणि घसा कोरडा पडला तर पाणी पी बाबा, भजनं नको." मी भजनं म्हणतो हे हिला कुणी सांगितलं?

थोडक्यात, उद्यापासून ताफ्याचं नेतृत्व माझ्याकडे. मधून.

९ मे, बॅलाडोनिया

अक्षर वाकडं येतंय. टेबल कलतं आहे.

आज तो प्रसिद्ध सरळ रस्ता. दीडशे किलोमीटर एकही वळण नाही. आडवा वारा. समोरून एक ट्रक गेला आणि मागे कॅरव्हॅनचं ढुंगण हललं. आरशात एकदा डावीकडे दिसली, एकदा उजवीकडे. दर खेपेला जास्त. मी ब्रेक मारला. मारायचा नसतो. मग रस्ताच आडवा दिसायला लागला, खडी दिसली, झाडं दिसली. मी ग्लेनिसला योग्य त्या सूचना दिल्या. तिने डॅशबोर्डखालचं कॅरव्हॅनच्या ब्रेकचं बटण दाबून धरलं आणि मागचं धूड हळूहळू सरळ झालं. तोवर बेवने पुढे वेग कमी केला होता, मॅकाने मागची वाहतूक अडवली होती. त्यांना इतक्या लवकर कसं कळलं, देव जाणे.

थांबल्यावर आधी ग्लेनिसचा पट्टा तपासला. मला वाटलं होतं, मी ग्लेनिसला मारलं.

हे वाक्य नंतर खोडायचं.

१० मे, नॉर्समन

रोडहाउसमध्ये शिरलो तर टाळ्या. टोपी काढून अभिवादन केलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आईला इतक्या हाका मारणारे तुम्हीच ना?"

मॅकाने बाहेर नेऊन आमच्या गाडीतला थर्मास उचलून दाखवला. खालचा माइक दाबलेलाच होता. लाल म्हणजे बंद नव्हे. लाल म्हणजे आपण बोलतोय आणि आसपासचे सगळे ऐकतायत. ट्रकवाले आपसात बोलायला दुसऱ्या चॅनलवर गेले होते, पण माझ्यासाठी एकजण चाळीसवर कान ठेवून असायचा. भजनं, आईला मारलेल्या हाका, बेअरिंग. क्लचला कधीच काही झालं नव्हतं, तेही. स्वतःशी बोलताना माणूस काय काय बोलतो.

ग्लेनिसला म्हटलं, यांच्या बोलण्यावर जाऊ नकोस. ती म्हणाली, "पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. बंद केला असता तर तू दुसऱ्या दिवशीच परत फिरला असतास. आणि नेव्ह, मी झोपलेली नव्हते रे."

सेट जुना आहे, त्यात दोष आहे, असं मी सर्वांना समजावलं. कुणीच वाद घातला नाही. घालायला हवा होता.

१४ मे, एस्परन्स

दोघी बहिणी सकाळपासून स्वयंपाकघरात आहेत. एकमेकींचा हात सोडत नाहीत. केक करपला तरी सोडला नाही. ऱ्होंडा मला म्हणाली, "आणलंस बाबा एकदाचं." मी मान डोलावली.

सोमवारी परत निघायचं. मॅका उत्तरेला गेला. बेवचं नक्की नाही. तोच रस्ता, तोच वारा, या वेळी उलट्या बाजूने. मला काही वाटत नाही. पण चालकाने तयारीत असावं.

संध्याकाळी एकटाच गाडीत जाऊन बसलो. दिवा हिरवा होता. बराच वेळ बसलो. मग माइक सीटच्या फटीत होता तसा खुपसला आणि वर थर्मास ठेवला. दिवा लाल झाला.

ग्लेनिस खिडकीशी आली. काय करतोयस म्हणाली. म्हटलं, बंद करतोय.

म्हणाली, "नीट दाबून ठेव."