भोक वेल्समध्ये, बादली इंग्लंडात

ती. टेगवेन मावशी यांस,

एम्रिसचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? कार्डिफला जिने फार, असं ऐकतो. चढताना कठडा धरत जा. मांजर अजून शेजाऱ्यांकडे जेवून येतं का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, मेंढ्या खुशाल आहेत, फक्त गावचा हॉल खुशाल नाही, आणि त्याचं वर्तमान तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, हॉल बांधताना आपल्या वाडवडिलांनी फुकट मिळालेली जागा पाहिली, नकाशा पाहिला नाही. त्यामुळे रंगमंच वेल्समध्ये आणि स्वयंपाकघर इंग्लंडात. शंभर वर्षं कुणाचं काही अडलं नाही. पण जानेवारीच्या वाऱ्यात रंगमंचावरच्या छपराचं एक दगडी कौल उडालं. आता पाण्यानं सरळ खाली पडावं की नाही? ते तुळईवरून सरपटत सरहद्द ओलांडतं आणि इंग्लंडात चहाच्या भांड्यावर ठिबकतं. म्हणजे भोक वेल्समध्ये आणि बादली इंग्लंडात. मे महिन्याच्या आत छप्पर नीट झालं नाही तर हॉलला कुलूप लागणार आहे. आणि कुलूप लागलं तर आपल्या गायकमंडळानं तालमी कुठं करायच्या? पलीकडच्या विदरकोटवाल्यांनी जागा देऊ केली आहे, पण मंडळाला नाव त्यांच्या गावाचं लावायचं, अशी अट घातली आहे. मावशी, एकतीस वर्षं मी खर्जात गातो आहे. इंग्लिश गावाच्या नावानं गायचं म्हटल्यावर माझा घसा बसतो, आणि हे मी थट्टेनं लिहीत नाही.

तेव्हा कमिटीनं ठरवलं, सार्वजनिक लॉटरीच्या निधीतून मदत मागायची. (हे वाक्य लिहून मी पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसलो होतो.) या निधीचा कारभार असा आहे. वेल्समध्ये पैसा कुठल्या कामाला द्यावा हे कार्डिफचं सरकार सांगतं, पण सांगण्याआधी लंडनला विचारतं. हिशेब कसा ठेवावा हे लंडन सांगतं, पण कार्डिफच्या कानावर घालून. म्हणजे स्वयंपाक सुनेनं करायचा, कोठीची किल्ली सासूच्या कमरेला, आणि दोघींनी एकमेकींना विचारल्याशिवाय मिठाला हात लावायचा नाही. इंग्लंडच्या वाट्याचं दुकान वेगळं. आम्ही वेल्सच्या लोकांना लिहिलं, तर त्यांनी प्रेमानं कळवलं की भोक आमचं खरं, पण त्रास आमच्या कुठल्या लोकांना होतो ते दाखवा. त्रास बादलीपाशी होतो, आणि बादली परदेशात. इंग्लंडवाल्यांनी त्याहून प्रेमानं कळवलं की बादली आमची, पण भोकाशी आमचा संबंध नाही.

यावर कमिटीच्या सात बैठका झाल्या (चहा प्रत्येक वेळी, निर्णय एकदा). इडवल सुतार म्हणाला, "बादली इकडं आणता येत नाही, तर पाणीच इकडं आणू." त्यानं स्वयंपाकघरापासून रंगमंचापर्यंत हॉलच्या आतून पन्हळ बसवली. पण जमिनीचा उतार इंग्लंडकडं. पाणी अर्ध्या वाटेवर जाऊन थबकलं आणि परत फिरलं. इडवल म्हणाला, "पूर्वीपासून असंच आहे. आपलं जे काही असतं ते वाहत तिकडंच जातं."

शेवटी गेल्या मंगळवारी दोन्हीकडचे अधिकारी एकदमच पाहणीला आले. आमच्या हेलेदबाई आणि त्यांचे क्रिस्पिनसाहेब. आणि नेमकं त्याच दिवशी ऊन पडलं. आपल्या खोऱ्यात, मार्च महिन्यात. गळकं छप्पर कोरडं ठणठणीत. मी घामाघूम. त्यांना मनुकांचा केक वाढून गुंतवून ठेवलं, तेवढ्यात इडवल कुणालाही न सांगता रबरी नळी घेऊन छपरावर चढला. वरून पाणी सुरू झालं. क्रिस्पिनसाहेब खिडकीतून लख्ख उन्हाकडं बघत म्हणाले, "तुमच्याकडे पाऊस फक्त छपरावरच पडतो का?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, एवढ्यात स्वयंपाकघराच्या छतातून आधी बूट आला, मग मोजा, मग इडवलचा उघडा गुडघा.

हेलेदबाईंनी कप खाली ठेवला, पर्समधून टेप काढली आणि जमिनीवर सरहद्दीची पांढरी रेघ आखली आहे, तिच्यापासून पायापर्यंत माप घेतलं.

"साहेब, हा पाय तुमच्या हद्दीत आहे. चांगला दोन हात आत."

"दिसतोय मला," साहेब म्हणाले. "म्हणजे आता आम्हालाही भोक आहे."

"आणि बादली तुमच्याकडे होतीच."

"मग असं करू. तुमचं भोक तुम्ही बुजवा, आमचं आम्ही. छप्परवाला एकच बोलवू."

वरून इडवल म्हणाला, "आधी मला काढा, मग देश वाटून घ्या."

तीन महिने दोन सरकारांच्या कागदांना जे जमलं नाही ते एका पायानं करून दाखवलं. पाय बरा आहे, फक्त इडवल आता लंगडताना जरा जास्तच तोऱ्यात लंगडतो. तुमचे आशीर्वाद असू द्यावेत.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
एम्रिस

ता. क. अर्ज शुक्रवारच्या आत पोचायला हवा आणि त्यावर हॉलच्या अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष अजून तुम्हीच आहात (तुम्हाला काढायचं कुणाच्या छातीत बळ नव्हतं). चॅपेलमध्ये चाळीस वर्षं तुम्ही आम्हा पोरांना शिकवलंत की लॉटरी म्हणजे सैतानाची शिडी. मला सगळं आठवतं. मी तुम्हाला शिडी चढायला सांगत नाही, फक्त खालून धरायला सांगतो. अर्ज सोबत आहे.

ता. क. २. पोस्टातली एरलिस म्हणते, नाताळात तुम्ही आला होतात तेव्हा नाकापर्यंत मफलर गुंडाळून तिच्याकडून लॉटरीची दोन तिकिटं घेतलीत. मी तिला चांगलं झापलं. म्हटलं, आमची मावशी तसली नाही. ती शुक्रवारपर्यंत गप्प बसायला तयार आहे.